पंगतीनंतरचे सहा तास

जेवणाच्या पानावर तूप वाढताना वाढणारीचा हात ज्या हिशेबाने सैल सुटतो किंवा आखडतो, तो हिशेब मानाचा, वयाचा, नात्याचा आणि घरच्या ऐपतीचा असतो. ते तूप पोटात गेल्यावर त्याचे पुढे काय होते, आणि जे पुरुषाच्या शरीरात होते तेच, तितक्याच त्वरेने, स्त्रीच्या शरीरात होते काय, हा प्रश्न आपल्या घरांतून सहसा कोणी विचारीत नाही. वस्तुतः हा प्रश्न हृदयविकाराशी आणि मधुमेहाशी, म्हणजे पर्यायाने प्रत्येक कुटुंबाच्या सुखदुःखाशी निगडित आहे, आणि त्याची उकल गेल्या पाऊणशे वर्षांत शास्त्रज्ञांनी बरीचशी केलेलीही आहे. त्याच विषयावर एका मामा-भाचीत माझ्यासमक्ष झालेला संवाद येथे देत आहे. मामा महसूल खात्यात अव्वल कारकुनापासून चढत जाऊन तहसीलदार म्हणून निवृत्त झालेले, वाचनाचा व्यासंग असलेले, आणि एकदा पटलेले मत सहजासहजी न सोडणारे गृहस्थ. भाची वैद्यकीय महाविद्यालयात शरीरक्रियाशास्त्र शिकविणारी. मामांचे प्रतिपादन असे की, निसर्गाने स्त्री-पुरुषांत केलेला भेद कबूल करून आहाराचे नियमही वेगळे करावेत आणि स्त्रीला उगाच स्निग्धाचे भय घालू नये. भाचीचे म्हणणे असे की, भेद खरा, परंतु तो सशर्त आहे, आणि त्या शर्ती ध्यानात न घेता त्यावर विसंबणे स्त्रीच्या जिवावर बेतू शकते. माझा स्वतःचा कल कोणीकडे आहे, हे मी लपविणार नाही.

मामा — अगं, बारशाच्या जेवणात तू तुपाची वाटी बाजूला सारलीस, ते माझ्या नजरेतून सुटले नाही. ज्या शास्त्राची तू अध्यापिका, तेच शास्त्र सांगते ना, की स्निग्ध भोजन बाईच्या अंगी पुरुषाहून अधिक चांगले जिरते? मग ज्यांना निसर्गानेच ही सवलत दिली आहे त्यांनी वाटी सारावी, आणि आम्हा पुरुषांनी ती रिकामी करावी, हा उलटा न्याय कसला?

भाची — शास्त्र तसे सांगते खरे, मामा, आणि त्यात खोटे काही नाही. पण जिरणे म्हणजे नेमके काय, त्याचा तपशील आधी पाहू. तूप असो, खोबरे असो, शेंगदाण्याचे तेल असो, आतड्यात पित्त आणि स्वादुपिंडाचा रस यांनी त्याचे विघटन झाल्यावर आतड्याच्या पेशी त्या तुकड्यांची पुन्हा जुळणी करतात आणि प्रथिनाच्या वेष्टनात गुंडाळलेले सूक्ष्म मेदकण तयार करतात. त्यांना कायलोमायक्रॉन म्हणतात. हे कण आकाराने इतके मोठे असतात, की साखरेप्रमाणे सरळ रक्तात शिरून यकृताकडे जाण्याचा मार्ग त्यांना मोकळा नसतो. ते लसिकावाहिन्यांतून वर चढतात आणि मानेच्या मुळाशी, डाव्या बाजूला, शिरेत उतरून रक्तात मिसळतात. इटलीतला शरीरशास्त्रज्ञ गास्पारे आसेल्ली याने 1622 साली नुकत्याच जेवलेल्या कुत्र्याचे पोट उघडले, तेव्हा आतड्याच्या पडद्यावर त्याला पांढऱ्या रेषांचे जाळे दिसले, आणि त्यातली एक रेषा छेदताच दुधासारखा द्रव बाहेर आला. स्निग्ध अन्नाचा मार्ग माणसाच्या डोळ्यांना प्रथम दिसला तो असा.

मामा — म्हणजे जेवणानंतर आपल्या रक्तात तूप तरंगत असते, असे म्हण.

भाची — तरंगत असते, आणि ते डोळ्यांनी पाहता येते. आमच्या प्रयोगशाळेत ही परीक्षा करताना माणसाला रात्रभर उपाशी ठेवतात, सकाळी पहिले रक्त घेतात, मग मलईचे घट्ट पेय पाजतात, आणि त्यानंतर सहा ते आठ तास ठरावीक अंतराने रक्त घेत राहतात. प्रत्येक नळी यंत्रात फिरवली की तांबड्या पेशी तळाशी बसतात आणि वर रक्तद्रव राहतो. सकाळचा रक्तद्रव फिकट पिवळा, नितळ; नळीच्या मागे छापील कागद धरला तर त्यातून अक्षरे वाचता येतात. तीन-चार तासांनंतरची नळी उचलावी तर आतला द्रव ढगाळ, पांढुरका झालेला असतो. ओळी कोठे आहेत ते समजते, पण अक्षर लागत नाही. ती नळी रात्रभर शीतकपाटात ठेवली तर दुसऱ्या दिवशी वरच्या अंगाला सायीचा थर दिसतो. एकाच वयाच्या आणि सारख्या प्रकृतीच्या तरुण पुरुषाची आणि तरुण स्त्रीची नळी शेजारीशेजारी धरली, तर तिची सहसा कमी गढूळ असते आणि लवकर निवळते.

मामा — हे तर माझ्याच पक्षाचे साक्षीपुरावे झाले. पण ती लवकर निवळते ती कोणत्या कारणाने?

भाची — केशवाहिन्यांच्या आतल्या भिंतीला लायपोप्रोटीन लायपेज नावाचे एक विकर चिकटलेले असते. रक्तातून वाहत आलेल्या मेदकणातील ट्रायग्लिसराइड नावाच्या मेदाचे तुकडे करून ते लगतच्या पेशीत सोडणे हे त्याचे काम. हान नावाच्या शास्त्रज्ञाला 1943 साली असे आढळले, की स्निग्ध जेवणाने दुधाळ झालेले कुत्र्याचे रक्त हेपारिन हे औषध टोचताच निवळते. हेपारिनामुळे हेच विकर भिंतीपासून सुटून रक्तात येते, याचा उलगडा पुढे झाला. हे विकर मेदपेशींच्या सान्निध्यातही असते आणि स्नायूंतही असते, आणि कोठे किती असावे यावर स्त्री-पुरुषांच्या अंतःस्रावांचा अंमल चालतो. तारुण्यातल्या स्त्रीच्या मांड्यांच्या आणि नितंबांच्या त्वचेखालचा मेद जेवणातला स्निग्धांश उत्साहाने ओढून घेतो. पुरुषाच्या बाबतीत तो पोटाच्या आत, आतड्यांभोवतीच्या मेदात अधिक प्रमाणात जातो. मेयो क्लिनिकमधल्या संशोधकांनी जेवणातल्या स्निग्धाला किरणोत्सारी खूण करून, नंतर शरीराच्या निरनिराळ्या भागांतील मेदाचे नमुने काढून हा फरक मोजून दाखविला आहे.

मामा — आणि पोटातला मेद वाईट, मांडीवरचा चांगला, असेच ना?

भाची — पोटातल्या मेदाचे रक्त प्रथम यकृतात जाते, म्हणून तेथून सुटलेली मेदाम्ले यकृतावर थेट भार घालतात; मांडीवरच्या मेदाला तो मार्ग नाही. मार्सेय शहरातले डॉक्टर झां वाग यांनी 1947 साली लिहून ठेवले, की पुरुषी घडणीच्या, म्हणजे कमरेच्या वर साठणाऱ्या लठ्ठपणाशी मधुमेह आणि धमनीविकार यांचे नाते आहे, तसे स्त्रीच्या घडणीच्या लठ्ठपणाशी नाही. त्यांच्या या लेखाकडे कित्येक वर्षे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही, याचे मला फार वाईट वाटते.

मामा — आता माझे ऐक. आपल्या आज्या-पणज्यांना हे विकर ठाऊक नव्हते. पण बाळंतिणीला डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, खारीक-खोबरे आणि वर तुपाची धार, हा क्रम त्यांनी ठरविला तो काही अंदाजाने नव्हे. स्त्रीचे शरीर स्निग्ध साठविण्यासाठी आणि ते लेकरासाठी खर्चण्यासाठी घडलेले आहे, हे त्यांना अनुभवाने कळले होते. पुरुषाच्या देहाला ती जबाबदारी नाही, म्हणून त्याच्या देहात ती व्यवस्थाही नाही. ज्याचे कार्य निराळे, त्याची रचना निराळी. आणि ज्याची रचना निराळी, त्याचे पथ्यही निराळेच असले पाहिजे.

मामांच्या या बोलण्यात परंपरेचा नुसता अभिमान नव्हता, हे येथे नमूद केले पाहिजे. गरोदरपणात आणि स्तनपानाच्या काळात स्त्रीच्या शरीरातील मेदाचे व्यवहार किती खोलवर बदलतात, याविषयी भाचीने जे सांगितले, त्याने मामांचे म्हणणे खोडले गेले नाही, उलट त्याला बळकटी आली. आणि मला ही गोष्ट विशेष स्पृहणीय वाटली, की आपल्या प्रतिपक्षाला उपयोगी पडणारी वस्तुस्थिती तिने हातची राखून ठेवली नाही.

भाची — तुमचे पुष्कळ म्हणणे मला मान्य आहे. गरोदरपणाच्या अखेरच्या तीन महिन्यांत स्त्रीच्या रक्तातले ट्रायग्लिसराइड दुप्पट-तिपटीपर्यंत चढते, आणि निरोगी स्त्रीच्या बाबतीत तो रोग नव्हे. प्रसूतीनंतर मेदपेशींजवळचे विकर मंदावते आणि स्तनांतले वाढते, म्हणजे जेवणातल्या स्निग्धाचा ओघ दुधाकडे वळतो. आणि एरवी जो मांड्यांवरचा मेद सुटता सुटत नाही, तोही याच काळात सैल होतो. आणखी सांगते. जवसात जे मेदाम्ल असते, त्यापासून बाळाच्या मेंदूला लागणारे डीएचए नावाचे मेदाम्ल घडविण्याची शक्ती तरुण स्त्रीच्या शरीरात पुरुषाहून अधिक असते. इंग्लंडमध्ये साउदॅम्प्टन येथे केलेल्या प्रयोगांत हे दिसून आले. आणि तुमच्या पक्षाचा सर्वांत भक्कम पुरावा कॅलिफोर्नियातला. तेथील विद्यापीठात उंदरांवर असा प्रयोग केला, की नर घडविणारे जनुक वाय गुणसूत्रावरून काढून दुसरीकडे बसविले. त्यामुळे दोन एक्स गुणसूत्रे असूनही वृषणे असलेले, आणि एक्स-वाय असूनही अंडाशय असलेले, असे उंदीर निपजले. मग त्या सर्वांचे अंडाशय आणि वृषणे काढून टाकली. अंतःस्रावांचा उगमच नाहीसा झाल्यावर भेद मिटायला हवा होता. पण ज्यांच्यात दोन एक्स होते, त्यांच्या अंगावर मेद अधिक चढला, आणि स्निग्ध आहार दिल्यावर तो आणखी झपाट्याने चढला. ही 2012 सालची गोष्ट.

मामा — मग आता उरले काय? भेद पेशीपेशीत आहे, हे तुझ्याच तोंडून निघाले.

भाची — भेद आहे, हे मी केव्हा नाकारले? माझी हरकत तुमच्या निष्कर्षाला आहे. पहिली गोष्ट अशी, की हीच दोन एक्सची उंदरीण पाहा: तिला मिळालेली ही सवलत आहे की ओझे, हे तिला खायला काय मिळते यावर अवलंबून. दुसरी, मेद साठविणाऱ्या स्त्रीचे शरीर चालताना-धावताना पुरुषाहून अधिक मेद जाळते. सारख्याच श्रमाला पुरुष साखरेवर जास्त भिस्त ठेवतो, स्त्री मेदावर. म्हणजे तिचा साठा खर्च होतो तो हालचालीत. आदल्या दिवशी तासभर भरभर चालणे झाले असले, तर दुसऱ्या दिवशीच्या जेवणानंतरची रक्तातली चढ कमी होते, आणि हे स्त्री-पुरुष दोघांतही दिसते. ज्या बाईचे चालणे स्वयंपाकघर ते माजघर एवढेच उरले आहे, तिच्या बाबतीत निम्मे यंत्र बंदच. आणि तिसरी गोष्ट, जी मला सर्वांत महत्त्वाची वाटते, ती अशी, की या सवलतीला मुदत आहे. रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन ओसरते, मांड्यांकडे जाणारा मेद पोटाच्या आत वळू लागतो, आणि जेवणानंतरची नळी पुरुषाच्या नळीसारखी गढूळ राहू लागते.

मामा — मुदतीची गोष्ट मी समजू शकतो. तरी पन्नाशीपर्यंत तरी नियम वेगळा असावा की नाही? हे बघ, सरासरीवाचून कारभार चालत नाही. आमच्या वेळी गावची पैसेवारी, म्हणजे पिकाच्या उताऱ्याचा सरासरी अंदाज, पन्नास पैशांच्या आत आली की दुष्काळ जाहीर होऊन साऱ्या गावाला सवलत मिळत असे. प्रत्येक खातेदाराच्या बांधावर जाऊन कणसे मोजायची म्हटली असती, तर सवलत मिळेपर्यंत पुढचा पेरा आला असता. तुम्ही विद्वान मंडळी प्रत्येक माणूस वेगळा म्हणता, आणि सामान्य माणसाच्या हाती काहीच देत नाही.

भाची — आणि ज्या गावची पैसेवारी पंचावन्न निघाली, त्या गावात ज्याचे शेत मुरमाड माळावर होते आणि ज्याच्या हाती दाणा लागला नाही, त्याचे तुमच्या कचेरीत काय होत असे?

मामा — त्याचा अर्ज येत असे. पुष्कळ अर्ज येत. नियमात त्यांना काही देता येत नसे.

भाची — माझ्या डोळ्यांसमोर आहेत त्या त्या माळावरच्या बायका. आता तुमची सरासरी कोणाच्या शेतावरून काढली होती, तेही पाहा. आहारातला स्निग्धांश आणि हृदयरोग यांचा विचार ज्या अध्ययनाने जगभर रुजविला, ते 1958 साली सुरू झालेले सात देशांचे अध्ययन बारा हजारांवर माणसांचे होते, आणि ती सारी माणसे पुरुष होती. अमेरिकेत हृदयरोगाच्या धोक्याची कारणे कमी करून पाहण्याचा मोठा प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष 1982 साली आले. तोही बारा हजारांवर पुरुषांचाच. मूल होण्याच्या वयातल्या स्त्रियांना औषधांच्या प्रारंभीच्या चाचण्यांतून वगळावे, अशी सूचना तेथल्या सरकारी खात्याने 1977 साली काढली, आणि सरकारी पैशाने चाललेल्या संशोधनात स्त्रियांचा समावेश झालाच पाहिजे, असा कायदा व्हायला 1993 साल उजाडले. मासिक पाळीमुळे मोजमाप बदलते, म्हणून जेवणानंतरच्या रक्ताचे प्रयोगही वर्षानुवर्षे तरुण पुरुषांवरच करण्याकडे कल राहिला. जिच्यामुळे मोजमाप बदलते तिचेच मोजमाप आधी घ्यायला हवे होते, मामा. ते घेतले नाही, आणि मग पुरुषांपेक्षा कमी धोका एवढ्या एका वाक्यावर तिची बोळवण केली.

मामा — पण कमी धोका हे वाक्य खोटे तर नाही?

भाची — अर्धे आहे. कोपनहेगनमध्ये 1976 ते 1978 या काळात साडेसात हजारांवर स्त्रियांचे आणि सहा हजारांवर पुरुषांचे रक्त त्यांना उपाशी न ठेवता तपासले, आणि पुढे पाव शतकाहून अधिक काळ त्यांच्या प्रकृतीची नोंद ठेवली. जेवल्यानंतरही ज्यांचे ट्रायग्लिसराइड फार चढे होते, त्यांना हृदयविकाराचा झटका येण्याचा धोका कमी असलेल्यांच्या तुलनेत वाढला, तो दोघांतही. पण स्त्रियांत तो पुरुषांहून अधिक पटींनी वाढला. याचा अर्थ असा, की ज्या स्त्रीचे रक्त निवळत नाही, तिच्या देहात काहीतरी मोठे बिनसलेले असते, आणि तिच्याकडे पुरुषाहून अधिक तातडीने पाहिले पाहिजे. मधुमेहाचेही तसेच. मधुमेहाने पुरुषाचा हृदयरोगाचा धोका जितक्या पटींनी वाढतो, त्याहून स्त्रीचा वाढतो, आणि ती पट पुरुषाच्या पटीहून सुमारे 44 टक्क्यांनी मोठी आहे. 2014 साली साडेआठ लाखांवर माणसांच्या नोंदी एकत्र करून हा आकडा निघाला. निसर्गाची देणगी म्हणता ती मधुमेहाने हिरावून घेतली जाते.

येथे मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. पुढे त्यांनी जी शंका काढली ती मला अत्यंत रास्त वाटली. ती अशी, की डेन्मार्क आणि अमेरिका येथील माणसे आपल्याहून धिप्पाड, त्यांचे खाणे निराळे. तेथले आकडे पुण्या-साताऱ्याच्या माणसाला लावण्याचा अधिकार कोणी दिला?

भाची — कोणी दिला नाही, आणि लावले तर आपलेच नुकसान होते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉक्टर चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे प्राध्यापक युडकिन या दोघांनी 2004 साली लॅन्सेट या नियतकालिकात स्वतःचेच छायाचित्र छापले. उंचीच्या मानाने वजन काढण्याचा जो निर्देशांक आहे, तो दोघांचाही 22.3, अगदी समान. पण युडकिनांच्या शरीरात मेद 9.1 टक्के, आणि याज्ञिकांच्या शरीरात 21.2 टक्के. दोघेही पुरुष. तुमचा स्त्री-पुरुष हा भेद खरा मानला, तरी त्याच्यावर हा दुसरा भेद चढलेला आहे, आणि तो आपल्या साऱ्यांना गैरसोयीचा आहे. वरून कृश दिसणाऱ्या आपल्या माणसाच्या पोटात मेद लपलेला असतो. म्हणूनच आपल्याकडे कंबरेची मर्यादा पुरुषाला 90 सेंटिमीटर आणि स्त्रीला 80 सेंटिमीटर ठरविली आहे.

मामा — पाहा! मर्यादा वेगवेगळ्या केल्याच की. वेगळा नियम असावा, एवढेच मी म्हणत होतो.

भाची — आणि स्त्रीची मर्यादा अधिक कडक आहे, हेही पाहा. मामा, आता रागावू नका. तुमच्या टेबलाच्या खणात तुमच्या रक्ततपासणीचे कागद वर्षवार लावून ठेवलेले आहेत. कोलेस्टेरॉल कधी किती होते, हे तुम्ही तोंडपाठ सांगता. मामींचे वय साठीला टेकले, साखर निघून दहा वर्षे झाली, आणि त्यांच्या रक्तातल्या स्निग्धाचा एकही कागद या घरात नाही. बायकांना त्याचा त्रास कमी, असे तुम्हीच मला मागे सांगितले होते. पंगतीत त्या शेवटी बसतात, उरलेले तूप आणि तळलेले पदार्थ वाया जाऊ नयेत म्हणून खातात, आणि लगेच आवराआवर करून आडव्या होतात. मी वाटी सारली ती वाटी त्यांच्या पानात गेली, तेही मी पाहिले.

या वाक्यानंतर मामांच्या चेहऱ्यावर जे उमटले त्याचे वर्णन मी करणार नाही. माझा कल कोणीकडे, ते आता सांगण्याचीही गरज नाही. स्त्रीच्या शरीराविषयीचे एक सत्य, जे तारुण्याच्या आणि प्रसूतीच्या काळापुरते निर्विवाद आहे, ते तिच्या उभ्या आयुष्याला लागू करून तिची तपासणी टाळण्याचे समर्थन म्हणून वापरले जाते, आणि असे करणारी माणसे दुष्ट नसतात, उलट प्रेमळ असतात, हे मी अनेक घरांतून पाहिले आहे.

मामा — तपासणीला तिला उपाशीपोटी न्यावे लागेल काय? सकाळी गोळी घेऊन खायला उशीर झाला, की तिची साखर उतरते, हातपाय कापू लागतात.

भाची — या तपासणीला आता उपास आवश्यक मानत नाहीत; युरोपातल्या तज्ज्ञांच्या मंडळाने 2016 साली तसा निर्वाळा दिला. नेहमीसारखा चहा-नाश्ता करून, गोळी घेऊन जायचे. ट्रायग्लिसराइड 175 च्या आत असले तर ठीक. फारच चढे निघाले, तर मग साखरेची काळजी घेऊन उपाशीपोटी पुन्हा पाहायचे. आणि मी शिवणाच्या पेटीतली फीत आणते, कंबर आताच मोजू.

मामा — तपासणी सोमवारी होईल, त्याची तजवीज मी करतो. पण माझे म्हणणे मी सोडलेले नाही. स्त्रियांसाठी आहाराचा आणि तपासणीचा निराळा तक्ता हवाच.

भाची — तो तक्ता मलाही हवा आहे, मामा. फक्त तो स्त्रियांच्याच रक्तावरून तयार केलेला हवा, आणि त्यात वय, बाळंतपणे, रजोनिवृत्ती आणि मधुमेह यांचे रकाने हवेत.

मामा — आणि ती जेवणानंतर किती चालते, याचाही एक रकाना घाल, कंबरेच्या मापाशेजारी.